डॉ. वसंत रामजी खानोलकर : काचपट्टीवरचे रंग वाचणारा माणूस

वाचकहो, खानोलकर हे नाव वाचताच मराठीच्या पुस्तकातील कवी आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, तुमच्या डोळ्यांपुढे आले असतील. हे खानोलकर ते नव्हेत. यांनी कविता लिहिली नाही. माणसाच्या शरीरातून काढलेला हरभऱ्याएवढा मांसाचा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि त्यावरून रोग सांगायचा, या कामात त्यांनी उभा जन्म घालविला. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून डॉक्टर मंडळी आजही त्यांचे नाव घेतात. शिरूर-दौंडच्या आपल्या घरांत मात्र ते कुणाला ठाऊक नाहीत. खरे तर ते इथे सर्वांत आधी ठाऊक व्हायला हवे होते. का, ते पुढे येईलच.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. आडनाव कोकणातले, पण जन्मगाव क्वेट्टा, बलुचिस्तानात, आज पाकिस्तानात असलेले. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये तेथूनच विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळविली. त्या काळी विलायतेहून एवढी पदवी घेऊन आलेल्या माणसाने मुंबईत पाटी लावली असती तर दाराशी मोटारींची रांग लागली असती. खानोलकरांनी जे शास्त्र निवडले त्यात रोगी समोर येतच नाही, येते ती बाटली. मुंबईस परतल्यावर त्यांनी आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकविले. हे दुसरे कॉलेज आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले, ते शिकविणारे सारे हिंदी असावेत या अटीवर. परक्या सरकारच्या राज्यात ही अट लहान नव्हती.

आता बाटलीतल्या तुकड्याचे पुढे काय होते, ते नीट समजून घेऊ. त्याशिवाय या माणसाचे मोठेपण कळणार नाही.

शाळेत तुम्ही कांद्याचा पापुद्रा काढून त्यावर लाल सॅफ्रॅनिनचा थेंब टाकला असेल. मी नववीत असताना थेंबाऐवजी अर्धी बाटली उपडी केली होती आणि सूक्ष्मदर्शकात मला लालभडक अंधाराखेरीज काही दिसले नव्हते. पापुद्रा मुळातच पातळ असतो, म्हणून तेवढ्यावर भागते. गालाच्या आतला मांसाचा तुकडा तसा नसतो. तो मऊ असतो, ओला असतो, आणि शरीरातून सुटला की घटकाभरात नासू लागतो.

म्हणून पहिले काम नासणे थांबविण्याचे. त्यासाठी तुकडा ताबडतोब फॉर्मॅलिनच्या पाण्यात टाकतात. बाजारच्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, आणि हे द्रावण तुकड्याच्या दहापट तरी हवे. फॉर्मॅलिन पेशींतील प्रथिनांना जागच्या जागी घट्ट बांधून टाकते. तुकडा कडक होतो, पण त्यातील रचना जिवंतपणी होती तशीच राहते.

हे वाक्य तुम्ही वाचून पुढे जाल. मला तसे जाता येत नाही. माझ्या मामूंच्या गालात जखम झाली होती. तीस वर्षे त्यांनी त्याच गालात तंबाखू धरली होती. एका दवाखान्यात तुकडा काढला आणि तो सलाईनच्या पाण्यात घालून बाटली आमच्या हाती दिली. मध्ये रविवार आला. बाटली तपासणीला पोचली तेव्हा तुकडा नासला होता, त्यावरून काही सांगता येणार नाही असे उत्तर आले. दुसऱ्यांदा तुकडा काढायला मामू तयार होईनात. त्यांची समजूत घालण्यात दीड महिना गेला. तेवढ्यात जखम जबड्याच्या हाडापर्यंत पोचली. शस्त्रक्रिया झाली, ते वाचले, पण अर्धा जबडा गेला आणि मामूंना पुढे कधी भाकरी चावता आली नाही. फॉर्मॅलिनची किंमत चार आणे की चार रुपये, मला ठाऊक नाही. असो.

तुकडा बांधला गेला की त्यातील पाणी काढायचे. ते एकदम काढले तर पेशी सुकट बोंबलासारख्या आक्रसतात. म्हणून आधी सौम्य, मग तीव्र, मग त्याहून तीव्र अशा अल्कोहोलमधून तुकडा पायरीपायरीने नेतात. मग झायलीन. झायलीन अल्कोहोलशीही मिसळते आणि मेणाशीही, म्हणून ते मधला दुवा. शेवटी साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या पॅराफिन मेणात तुकडा ठेवतात. जिथे पाणी होते तिथे आता मेण जाऊन बसते. थंड झाल्यावर साबणाच्या छोट्या वडीसारखा ठोकळा हाती येतो आणि आत आपला तुकडा असतो.

या ठोकळ्याचे काप काढणाऱ्या यंत्राला मायक्रोटोम म्हणतात. काप किती पातळ? चार-पाच मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा काप बसतील. चाक फिरविले की काप एकाला एक चिकटून फितीसारखे बाहेर येतात. श्वास जोरात सोडला तर फीत उडून जाते. मेण मऊ असेल तर काप सुरकुततो, म्हणून ठोकळ्यावर बर्फ ठेवून मग कापतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर बर्फाशिवाय हात लावणेच नको. फीत कोमट पाण्यावर सोडतात. तिथे ती दुधावरच्या सायीसारखी पसरते आणि सुरकुत्या जातात. मग खालून काचपट्टी घालून ती अलगद उचलतात. काप काचेवरून निसटू नये म्हणून पूर्वीपासून काचेला अंड्याचा पांढरा बलक हलकासा चोळण्याची पद्धत आहे.

एवढे करून काचपट्टीवर काय दिसते? काही नाही. काप जवळजवळ पारदर्शक असतो. पाण्यात काच टाकावी तसा. इथे रंग लागतो.

पहिला रंग हिमॅटॉक्सिलिन. तो मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडातून निघतो आणि मुळात कापड रंगविण्यासाठी युरोपात गेला. तो एकटा पेशीला धरत नाही, त्याला तुरटीची जोड द्यावी लागते. आपल्याकडचे रंगारी कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवीत, ते याच कारणासाठी. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपर्यंत रंगकाम होते त्यांना हे सांगायला नको. तुरटीसह हा रंग पेशीच्या केंद्रकाला जाऊन चिकटतो. तेव्हा तो तांबूस असतो. काचपट्टी नळाच्या किंचित क्षारयुक्त पाण्यात धरली की तांबूसपणा जाऊन केंद्रके निळी होतात. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, त्याच जातीचा हा चमत्कार. ज्या जड पाण्यात आपल्याकडे साबणाला फेस येत नाही म्हणून घरोघरी कुरकुर चालते, ते पाणी इथे उपयोगी पडते.

दुसरा रंग इओसिन. तो कृत्रिम, कारखान्यात बनलेला. तो केंद्रकाबाहेरच्या भागाला गुलाबी करतो. निळे केंद्रक, गुलाबी परिसर. जगातील कुठल्याही रुग्णालयात गेलात तरी पहिली काचपट्टी याच दोन रंगांत येते. शेवटी वर पातळ काच बसवितात. पूर्वी त्यासाठी कॅनडातील एका झाडाचा चीक वापरीत, आता कृत्रिम डिंक वापरतात.

रंगविणे हे कसब झाले. खानोलकरांचे काम त्यापुढे सुरू होई. गालाच्या आतील अस्तर निरोगी असेल तर त्याच्या पेशी विटांच्या थरांसारख्या शिस्तीने बसलेल्या दिसतात आणि खाली एक सरळ सीमारेषा असते. कर्करोगात ही शिस्त मोडते. केंद्रके फुगतात, काळीनिळी होतात, एकीसारखी दुसरी राहत नाही, आणि पेशींचे पुंजके सीमारेषा फोडून खालच्या मांसात घुसतात. हे घुसणे दिसले की निदान झाले. एवढे इतर अनेकांनाही येत होते. खानोलकर निदान लिहून थांबत नसत. हा माणूस कोण, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे ते विचारीत. माझ्या मते त्यांचे सारे मोठेपण या विचारण्यात आहे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधन विभागाची सूत्रे खानोलकरांकडे आली. हिंदुस्थानात कर्करोग फारसा नाही, तो साहेब लोकांचा रोग, असा समज त्या काळी शिकलेल्या डॉक्टरांतही होता. खानोलकरांच्या टेबलावर मात्र रोज निराळीच साक्ष येऊन पडत होती. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. ओळीने, म्हणजे सोयीचे निवडून नव्हेत, आले तसे सारे. युरोप-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग जितका आढळे त्याहून कितीतरी अधिक तो इथे होता. आणि बोट पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे जात होते : चुना लावून मळलेली तंबाखू.

पुढल्या वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी भारतातील चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर लेख लिहिला. त्यात एक होता धोतराचा कर्करोग. कमरेला त्याच जागी वर्षानुवर्षे धोतर घट्ट आवळून कातडी घासली जाते, काळवंडते, आणि क्वचित तिथेच कर्करोग होतो. काश्मिरात पोटाशी शेगडी, म्हणजे कांगडी, धरून बसणाऱ्यांच्या पोटाच्या कातडीला होणारा कर्करोग त्याआधीच ठाऊक होता. रोग आकाशातून पडत नाही, घरातल्या सवयीतून तो उगवू शकतो, हे या लेखांनी डॉक्टरांपुढे मांडले.

१९५५ मध्ये डॉ. एल. डी. संघवी आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणखी एक अभ्यास छापला. कर्करोगाचे रोगी आणि कर्करोग नसलेली माणसे यांच्या सवयी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तंबाखू चघळणे आणि बिडी ओढणे यांचा मारा तोंड व घशाच्या वेगवेगळ्या भागांवर होतो, हे त्यात दिसून आले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा डॉल आणि हिल यांचा इंग्लंडमधील गाजलेला अभ्यास १९५० चा. म्हणजे हे काम जगाच्या मागे नव्हते.

पालकहो, आता सांगा, या माणसाचे नाव आपल्या घरांत का पोचले नाही? अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी असते. दादी सकाळी उठून मिश्री लावते, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तिला कुणी सांगितलेले नसते. शादीच्या घरात विड्याचे तबक फिरले नाही तर पाहुणे रुसतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. शाळेच्या कुंपणाबाहेरच्या रिकाम्या पुड्या मी त्यानंतरही उचलल्या आहेत. दहावीच्या मुलांना मी एकदा तोंड उघडून तीन बोटे उभी घालायला सांगितली. एकाची दोनच गेली. सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. तो मुलगा हसला, मी हसू शकलो नाही.

खानोलकरांचा दुसरा मोठा विषय कुष्ठरोग. नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला होता, तरी रोग कुठून कसा पसरतो याबद्दल अंधार होता. खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या फिकट चट्ट्यांतले तुकडे घेऊन त्यांचे छेद पाहिले. त्यांचा हा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. निळ्या-गुलाबी रंगात असा चट्टा कित्येकदा निरोगी कातडीसारखाच दिसतो. जंतू दिसण्यासाठी वेगळा रंग लागतो : कार्बोल फुक्सिनने सारे लाल करायचे, आम्लाने धुऊन काढायचे, मग निळा रंग द्यायचा. कुष्ठाच्या जंतूवर मेणचट वेष्टन असते, ते लाल रंग आम्लालाही सोडू देत नाही. निळ्या भूमीवर लाल काड्या उठून दिसतात. गंमत अशी की मेण काढण्याच्या झायलीनने हे वेष्टनही विरते, म्हणून कुष्ठाच्या छेदांसाठी झायलीनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळण्याची पद्धत निघाली. आपल्या स्वयंपाकघरातले तेच तेल.

असे छेद पाहून खानोलकरांनी ठामपणे मांडले की हा रोग कातडीचा म्हणून ओळखला जात असला तरी त्याची मूळ ओढ मज्जातंतूंकडे आहे. चट्ट्यावर स्पर्श कळत नाही तो यामुळेच. या शोधाचा अर्थ घरगुती भाषेत असा : बोटे झडतात ती जंतूने खाल्ली म्हणून नव्हे, तर चटका आणि जखम कळेनाशी झाल्याने. १९५८ मध्ये त्यांच्या संशोधन केंद्रात डॉ. बापट आणि डॉ. कमल रणदिवे यांच्यासह त्यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढविला. तो खरा कुष्ठजंतूच का, यावर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण त्यापासून लस करण्याचे प्रयत्न नंतर भारतात झाले.

रणदिवेबाईंचे नाव आले तर आपल्या मुलींसाठी दोन शब्द अधिक. त्या पुण्याच्या, जन्म १९१७ चा, शाळा हुजूरपागा. शेतकी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींवर एम. एस्सी. केले. सीताफळाच्या झाडापासून माणसाच्या कर्करोगापर्यंतची वाट त्यांना खानोलकरांच्या हाताखाली सापडली. त्यांच्या मार्गदर्शनाने बाईंनी १९४९ मध्ये पीएच. डी. मिळविली, पुढे अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकल्या आणि ते इथे रुजविले. गुरूने लग्न झालेल्या विद्यार्थिनीला मायक्रोटोमपुढे बसविले, घरच्यांनी बसू दिले, दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या.

बाकीचे मानसन्मान थोडक्यात सांगतो, कारण ते मोजण्यात त्यांना स्वतःला किती रस होता याची मला शंका आहे. १९४९ मध्ये देशातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना उभी राहिली, तिचे ते पहिले अध्यक्ष. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक. हे केंद्र १९६६ मध्ये टाटा रुग्णालयाशी जोडले गेले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण मिळाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

एक कामाची गोष्ट राहिली. तुकड्याचा अहवाल हाती आला म्हणजे सारे संपले असे समजून लोक कागद तेवढा जपतात. दौंडहून गाडीत बसून परळला टाटा रुग्णालयात गेलात की तिथले डॉक्टर जुना अहवाल पाहतात, पण मूळ काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागतात. त्यांना स्वतः पाहायचे असते, आणि शंका आली तर त्याच ठोकळ्यातून नवा काप काढून वेगळा रंग द्यायचा असतो. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथे अर्ज केला की त्या मिळतात. काचपट्ट्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून कडक डबीत ठेवा. ठोकळा वेगळ्या डबीत, आणि ती डबी एस. टी.च्या खिडकीशी उन्हात ठेवू नका, मेण वितळेल. नीट सांभाळला तर तो ठोकळा वीस-तीस वर्षांनीही कापता येतो.